रस्ता बंद, बेट खुले: आइल ऑफ मॅनची टीटी शर्यत पाहायला जाण्यापूर्वी

ब्रिटन आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ ५७२ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा थोडे कमीच. लोकवस्ती मात्र जेमतेम ८४ हजार. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत या बेटावर ४० हजारांहून अधिक पाहुणे उतरतात. त्यांतले बरेच जण स्वतःची मोटारसायकल बोटीत घालून आणतात. ज्या शर्यतीसाठी ते येतात ती ‘टीटी’ कोणत्याही बांधीव ट्रॅकवर होत नाही, ती बेटावरच्या रोजच्या वापरातल्या रस्त्यावर होते. सकाळी ज्या रस्त्याने मुले शाळेत गेली, त्याच रस्त्यावरून संध्याकाळी ताशी ३०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने दुचाक्या धावतात आणि रात्री त्याच रस्त्याने लोक जेवायला बाहेर पडतात.

मोटारसायकलच्या शर्यतींचे वेड असलेल्या अनेकांच्या मनात हा प्रवास एकदा तरी करायचा असतो. परंतु सामन्याचे तिकीट काढावे, खुर्चीवर जाऊन बसावे आणि संपल्यावर उठून यावे, असा हा प्रकार नाही. इथे कुठे उभे राहायचे, केव्हा जेवायचे, मुक्कामाच्या ठिकाणी परत केव्हा पोहोचायचे, हे सगळे रस्ता केव्हा बंद होतो आणि केव्हा उघडतो यावर ठरते. हा रस्ता बंद कोण करते, का करते आणि बंद झाल्यावर नेमके काय घडते, हे समजून घेतले तर उरलेली सहल आखणे फारसे अवघड नाही.

कायद्यातून जन्मलेली शर्यत

आइल ऑफ मॅन ब्रिटिश राजसत्तेच्या अधीन आहे, पण युनायटेड किंग्डमचा भाग नाही. त्याची स्वतःची संसद आहे, तिला टिनवल्ड म्हणतात, आणि ती हजार वर्षांहून अधिक काळ चालत आल्याचा बेटवासीयांना अभिमान आहे. ही घटनात्मक बाब वाचायला रुक्ष वाटली, तरी शर्यतीचे मूळ तिच्यातच आहे. १९०३ साली ब्रिटनच्या संसदेने मोटारींसाठी ताशी २० मैलांची, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरची वेगमर्यादा घातली. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत घेण्याची मुभा तिथे नव्हतीच. त्याच सुमारास युरोपातल्या एका मोठ्या मोटार स्पर्धेसाठी ब्रिटिश संघ निवडायचा होता आणि निवड चाचणी घ्यायला जागा मिळत नव्हती. तेव्हा मोटार क्लबचे चिटणीस बेटावर गेले आणि टिनवल्डने १९०४ साली खास कायदा करून शर्यतीसाठी रस्ते बंद करण्याची परवानगी दिली. लंडनचा कायदा बेटाला लागू नव्हता आणि बेटाला पाहुणे हवे होते, या दोन गोष्टी जुळून आल्या. आज १२० वर्षांनंतरही रस्ता बंद होतो तो टिनवल्डच्याच कायद्याने.

मोटारसायकलींची पहिली टीटी २८ मे १९०७ रोजी झाली. टीटी म्हणजे टुरिस्ट ट्रॉफी. आपल्याकडे टीटी म्हटले की टेबल टेनिसच आठवते, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे. शर्यतीच्या नावात ‘टुरिस्ट’ कशाला, असा प्रश्न पडतो; त्याचे उत्तर असे की ही शर्यत खास बनवलेल्या अचाट यंत्रांसाठी नव्हती, सामान्य माणूस प्रवासाला नेतो त्या प्रकारच्या गाड्यांसाठी होती. गाडीला नीट बसायची जागा, चिखलरोधक पत्रे आणि आवाज कमी करणारी नळी असणे बंधनकारक होते. एवढेच नव्हे, तर इंधनही मोजून दिले जाई. एका सिलिंडरच्या गाडीने एका गॅलनमध्ये ९० मैल आणि दोन सिलिंडरच्या गाडीने ७५ मैल जावे, असा हिशेब होता. आपल्या भाषेत सांगायचे तर लिटरला अनुक्रमे सुमारे ३२ आणि साडेसव्वीस किलोमीटर. ‘ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न आपल्याकडे दुचाकीच्या दुकानात पहिल्यांदा विचारला जातो आणि त्यावर विनोदही होतात. पण जगातल्या सर्वांत धाडसी शर्यतीची सुरुवात नेमक्या त्याच प्रश्नाने झाली होती.

त्या वर्षी एका सिलिंडरच्या गटात चार्ली कॉलियर मॅचलेस गाडीवर जिंकला. त्याचा सरासरी वेग होता ताशी ३८.२१ मैल, म्हणजे सुमारे साडेएकसष्ट किलोमीटर. दोन सिलिंडरच्या गटात रेम फाउलर नॉर्टन गाडीवर जिंकला. त्या नॉर्टनचे इंजिन प्यूजो कंपनीचे होते. हीच नॉर्टन कंपनी २०२० साली तमिळनाडूच्या टीव्हीएसने विकत घेतली. त्यामुळे टीटीच्या पहिल्या विजेत्या गाड्यांपैकी एकीचे नाव आज भारतीय मालकीचे आहे. १९११ सालच्या मुख्य शर्यतीत पहिले तीनही क्रमांक ‘इंडियन’ गाड्यांनी मिळवले, असे वाचून मात्र हुरळून जाऊ नये. ती कंपनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सची होती आणि तिचा आपल्याशी काही संबंध नव्हता. खरा भारतीय धागा शोधायचाच असेल, तर २००९ साली बेटावर विजेवर चालणाऱ्या मोटारसायकलींची पहिली शर्यत झाली तिच्याकडे पाहावे; ती भारताशी नाते असलेल्या ‘अग्नी’ संघाच्या गाडीने जिंकली होती.

साठ किलोमीटरची एक फेरी

१९११ पासून टीटी डोंगराच्या मार्गावर होते. एक फेरी ३७.७३ मैलांची, म्हणजे ६०.७२ किलोमीटरची असते. पुण्याहून लोणावळ्याला जाण्याएवढे हे अंतर आहे. आजचा फेरीचा विक्रम पीटर हिकमनच्या नावावर असून तो २०२३ साली झाला. त्याने ही फेरी १६ मिनिटे ३६ सेकंदांत पूर्ण केली. सरासरी वेग ताशी १३६.३५८ मैल, म्हणजे जवळजवळ २१९ किलोमीटर. इथे ‘सरासरी’ या शब्दाकडे नीट लक्ष द्यावे, कारण या फेरीत दोनशेहून अधिक वळणे आहेत, गावांतले चौक आहेत, एक कमानीचा पूल आहे आणि पायी चालण्याच्या वेगाने घ्यावे लागेल असे वाटणारे तीव्र वळणही आहे. हे सगळे धरून सरासरी २१९ आहे.

सुरुवात राजधानी डग्लसमध्ये, ग्लेनक्रचरी रोडवरच्या मुख्य प्रेक्षागाराजवळ होते. रस्त्याच्या पलीकडे शहराची दफनभूमी आहे. शर्यतीची सुरुवात अशा ठिकाणी असणे अनेकांना अशुभ वाटते, बेटावरच्या लोकांना मात्र त्याचे काही वाटत नाही. तिथून पुढे ब्रे हिल हा उतार लागतो. दोन्ही बाजूंना घरे, फुटपाथ, दिव्यांचे खांब, आणि मधून गाड्या पूर्ण वेगाने खाली येतात. तळाशी रस्त्याला खोलगटपणा आहे, तिथे गाडीचे स्प्रिंग पूर्ण दबतात आणि गाडीचे पोट रस्त्याला घासल्यासारखे होते. ज्यांनी शर्यती फक्त टीव्हीवर पाहिल्या आहेत, त्यांनी एकदा तरी इथे उभे राहावे, असे माझे मत आहे; कारण वेग म्हणजे काय, हे पडद्यावर कळत नाही. वेगाबरोबर वारा येतो, तो अंगावर आदळतो आणि आवाज गेल्यानंतरही क्षणभर छातीत घुमत राहतो.

त्यापुढे मार्ग पश्चिमेकडे वळतो आणि क्वार्टरब्रिज, ब्रॅडन, युनियन मिल्स, ग्लेन हेलनची झाडी, किर्क मायकल असा जातो. किर्क मायकल हे अरुंद रस्त्याचे गाव आहे आणि तिथे घरांच्या भिंती रस्त्याला इतक्या लागून आहेत की गाडी जाताना खिडक्या थरथरतात. नंतर बॅलाफचा पूल येतो. तो कमानीचा असल्याने गाडीची दोन्ही चाके जमिनीवरून उठतात. छायाचित्रकारांची गर्दी तिथे होते, पण खरे सांगायचे तर तिथे वेग कमी असतो. ज्यांना उडी पाहायची आहे त्यांनी तिथे जावे, ज्यांना वेग पाहायचा आहे त्यांनी सल्बीच्या सरळ रस्त्याला जावे. उत्तरेकडच्या रॅमझी शहरानंतर चढ सुरू होतो. जवळजवळ समुद्रसपाटीपासून १०-१२ किलोमीटरांत रस्ता ४२२ मीटर उंचीवर जातो. स्नेफेल हा बेटावरचा सर्वांत उंच डोंगर ६२१ मीटरचा आहे आणि मार्ग त्याच्या खांद्यावरून जातो. तिथे झाड नाही, घर नाही, फक्त माळ, मेंढ्या, तारेचे कुंपण आणि वारा. या भागात ‘बंगलो’ नावाचा थांबा आहे. पूर्वी तिथे एक हॉटेल होते, त्यावरून हे नाव पडले. इंग्रजीतला तो शब्द आपल्याकडच्या ‘बंगला’वरूनच गेलेला असल्यामुळे आयरिश समुद्रातल्या एका डोंगरावर मराठी माणसाला ओळखीचा शब्द भेटतो, ही गंमत आहे. तिथून क्रेग-नी-बाकडे उतार लागतो, मग गव्हर्नर्स ब्रिजचे तीव्र वळण आणि पुन्हा डग्लस.

मार्गाच्या दोन्ही बाजूंना दगड-मातीचे बांध आहेत. कोकणातले गडगे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ते लगेच ओळखता येतील. फरक इतकाच की आपल्या गडग्यांमधून बैलगाडी जाते. बांधीव ट्रॅकवर स्वार घसरला तर त्याला थांबवायला वाळूचा मोकळा पट्टा असतो. इथे घसरला तर गडगा असतो. महत्त्वाच्या जागी संरक्षक गाद्या लावल्या जातात, पण ६० किलोमीटरच्या दोन्ही बाजू गाद्यांनी झाकणे शक्य नाही.

शर्यत घड्याळाशी असते

पहिल्यांदा जाणाऱ्याचा सर्वांत मोठा घोटाळा होतो तो पुढे कोण आहे हे समजण्यात. टीटीत सगळे स्वार एकदम सुटत नाहीत. रस्ता तेवढा रुंद नाही. स्वार एकेक करून दर १० सेकंदांनी सोडले जातात आणि ज्याचा एकूण वेळ सर्वांत कमी तो जिंकतो. म्हणजे तुमच्यासमोरून जो आधी गेला तो आघाडीवर असेलच असे नाही. समजा पहिल्या क्रमांकाचा स्वार तुमच्यासमोरून गेला. दहाव्या क्रमांकाचा स्वार त्याच्यानंतर ९० सेकंदांनी सुटला होता. तो जर तुमच्यासमोर ८५ सेकंदांनी आला, तर रस्त्यावर मागे असूनही शर्यतीत तो ५ सेकंदांनी पुढे आहे. म्हणून टीटीचा मुरलेला प्रेक्षक एका हातात चहा, दुसऱ्या हातात घड्याळ आणि कानाला मँक्स रेडिओ (मँक्स म्हणजे या बेटाचा) अशा अवस्थेत गडग्यावर बसलेला दिसतो. रेडिओ नसेल तर फक्त गाड्या दिसतात, शर्यत दिसत नाही. छोटा रेडिओ सामानात टाकावा. डोंगरावर मोबाइलच्या भरवशावर राहू नये.

मोठ्या गाड्यांच्या मुख्य शर्यतीत, म्हणजे सीनियर टीटीत, परंपरेने सहा फेऱ्या असतात. एकूण ३६४ किलोमीटर, आणि अव्वल स्वार हे अंतर पावणेदोन तासांच्या आत संपवतात. दर दोन फेऱ्यांनंतर इंधन भरायला थांबावे लागते. तिथे मागचे चाक बदलले जाते, हेल्मेटची काच पुसली किंवा बदलली जाते, आणि पहिल्या दहा सेकंदांत एखादा बोल्ट अडकला तर ३६४ किलोमीटरची मेहनत वाया जाऊ शकते. अव्वल स्वारांमधला फरक कधी कधी एवढाच असतो. शिवाय साइडकारची शर्यत असते. तिच्यात स्वाराबरोबर एक साथीदार असतो, आणि तो वळणानुसार स्वतःचे वजन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे टाकत, जमिनीपासून वीतभर अंतरावर लोंबकळत जातो. माझ्या मते बेटावरचा सर्वांत धाडसी माणूस म्हणजे तो साथीदार, कारण त्याच्या हातात ना ब्रेक असतो ना हँडल.

१९४९ ते १९७६ या काळात टीटी ही जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचा भाग होती. होंडा कंपनी १९५९ साली पहिल्यांदा इथे उतरली आणि १९६१ साली माइक हेलवूडने तिच्या गाड्यांवर विजय मिळवले. जपानी दुचाक्यांचे जगभर नाव होण्यात त्या विजयांचा मोठा वाटा आहे. परंतु १९७२ साली इटलीचा जिल्बेर्तो पारलोत्ती इथे मरण पावला. त्यानंतर त्याचा मित्र जाकोमो आगोस्तिनी आणि इतर नामवंतांनी बेटावर यायचे थांबवले, आणि अखेर टीटीचा अजिंक्यपदाचा दर्जा काढून ब्रिटनची फेरी १९७७ पासून सिल्व्हरस्टोनला नेण्यात आली. तेव्हापासून टीटीला जागतिक गुण मिळत नाहीत. इथे येणारा स्वार केवळ टीटी जिंकायलाच येतो. उत्तर आयर्लंडचा जोई डनलॉप हा त्यांच्यातला सर्वांत लाडका. त्याने २६ विजय मिळवले, त्यांतले शेवटचे तीन २००० साली वयाच्या ४८ व्या वर्षी. त्यानंतर महिन्याभरातच एस्टोनियातल्या एका शर्यतीत त्याचा मृत्यू झाला. बंगलोच्या थांब्यावर त्याचा पुतळा आहे. २४ वर्षे टिकलेला त्याचा विक्रम २०२४ साली मोडला, तो त्याच्या पुतण्याने, मायकल डनलॉपने.

रस्ता बंद झाल्यावर

आता सहलीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग. रस्ता बंद होण्याच्या वेळा आधी जाहीर होतात. पहिल्या आठवड्यात सराव असतो, तो बहुधा संध्याकाळी. जूनच्या सुरुवातीला बेटावर सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो, त्यामुळे संध्याकाळच्या सरावाला भरपूर उजेड मिळतो. दुसऱ्या आठवड्यात मुख्यतः दिवसा शर्यती असतात. जाहीर झालेल्या वेळेला रस्ता बंद झाला की तो कायद्याने बंद होतो. त्या क्षणापासून त्या रस्त्यावर पाऊल टाकणे हा गुन्हा आहे, मग तुम्ही पलीकडे जाऊन फक्त शौचालय गाठणार असाल तरीही.

नकाशावर पाहिले तर शर्यतीचा मार्ग हा एक मोठा बंदिस्त वेढा आहे. रस्ता बंद झाला की बेटाचे दोन तुकडे होतात: वेढ्याच्या आतले आणि बाहेरचे. तुम्ही आत अडकलात तर रस्ता उघडेपर्यंत आतच. मग त्याला दोन तास लागोत किंवा पाच. विमानतळ, डग्लसचा बंदरभाग, पील, लॅक्सी आणि कॅसलटाउन ही ठिकाणे वेढ्याच्या बाहेर आहेत. डग्लसजवळ जुन्या रेल्वेमार्गावरून काढलेली एक अरुंद वाट आत-बाहेर करण्यासाठी ठेवलेली असते आणि मुख्य प्रेक्षागाराजवळ पादचारी पूल आहे. बाकी बहुतेक ठिकाणी पर्याय नाही. ज्यांना त्या दिवशी बोट किंवा विमान गाठायचे आहे त्यांनी वेढ्याच्या आत बसून शर्यत पाहण्याचा मोह टाळावा.

यावर एक सुंदर उपाय एकोणिसाव्या शतकाने करून ठेवला आहे. डग्लसहून रॅमझीपर्यंत पूर्व किनाऱ्याने विजेची ट्रॅम जाते. ती १८९३ पासून सुरू झाली आणि वेढ्याच्या बाहेरून जाते. लॅक्सीला उतरून १८९५ सालची डोंगरी गाडी पकडली की ती थेट बंगलोच्या थांब्याजवळ, शर्यतीच्या मार्गाला लागून नेऊन सोडते. लाकडी बाकावर बसून, चुकून एखादी मेंढी रुळावर आली तर थांबत, सव्वाशे वर्षे जुन्या गाडीतून जगातल्या सर्वांत वेगवान रस्ता शर्यतीला पोहोचणे, हा अनुभव दुसरीकडे कुठे मिळेल असे वाटत नाही. जाता जाता लॅक्सीचे पाणचक्र पाहावे. खाणीतले पाणी उपसण्यासाठी १८५४ साली बांधलेले हे चक्र सुमारे २२ मीटर व्यासाचे आहे.

बसायची जागा निवडताना पैशाचा विचार फार करावा लागत नाही. मुख्य प्रेक्षागाराला आणि काही खास जागांना तिकीट असते; बाकी मैलोन्‌मैल लांबीच्या कडेला बसणे फुकट आहे. काही शेतकरी आपल्या शेतात बसू देतात आणि पेटीत चार पैसे टाकावेत अशी अपेक्षा ठेवतात. ब्रॅडनसारख्या ठिकाणी चर्चच्या आवारात बसता येते आणि गावातल्या बायका चहा-केक विकतात. तो पैसा चर्चच्या दुरुस्तीला किंवा गावाच्या कामाला जातो. आपल्याकडच्या जत्रेत भजनी मंडळाच्या स्टॉलवर चहा घ्यावा, तसाच हा मामला. ‘प्रवेश निषिद्ध’ असा फलक असलेल्या जागी मात्र चुकूनही बसू नये. २००७ साली एका अपघातात स्वाराबरोबर दोन प्रेक्षकही दगावले, आणि अशा जागांविषयीचे नियम तेव्हापासून फार काटेकोर झाले आहेत. मार्गावर देखरेख करणारा मार्शल उठायला सांगेल तर वाद न घालता उठावे. हे मार्शल स्वयंसेवक असतात, शेकडोंच्या संख्येने लागतात, आणि त्यांची संख्या पुरली नाही तर शर्यत सुरूच होत नाही. बाहेरचे पाहुणेही प्रशिक्षण घेऊन मार्शल होऊ शकतात. दरवर्षी येणारे कित्येक जण तसे करतात, आणि ज्याला दुसऱ्यांदा जायचे आहे त्याने याचा जरूर विचार करावा.

हवामान हा या सगळ्यावरचा मालक आहे. बेटाच्या दंतकथेत मनानान नावाचा समुद्रदेव शत्रूपासून बेट लपवण्यासाठी त्यावर धुक्याची शाल पांघरतो. ती शाल जूनमध्येही केव्हाही पडते. डग्लसला लख्ख ऊन असते आणि डोंगरावर हातभर अंतरावरचे दिसत नाही. महाबळेश्वरच्या धुक्यात गाडी चालवलेल्यांना हे सांगावे लागणार नाही. धुके असले की जखमी स्वाराला नेणारे वैद्यकीय हेलिकॉप्टर उडू शकत नाही, आणि हेलिकॉप्टर नाही तर शर्यत नाही. मग शर्यत तासाने, दोन तासांनी, दुसऱ्या दिवशी ढकलली जाते. यावर मँक्स भाषेत एक म्हण आहे, ‘त्रे दे ल्यूअर’, म्हणजे ‘वेळ पुष्कळ आहे’. फक्त दोन दिवसांसाठी गेलेल्या माणसाला ती ऐकवत नाही. म्हणून निदान चार-पाच दिवसांचा मुक्काम ठेवावा. एका दिवसाच्या शर्यतीवर अख्खा प्रवास लावू नये.

मृत्यूविषयी

हा विषय टाळून टीटीवर लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९११ पासून या डोंगरी मार्गावर अडीचशेहून अधिक स्वारांचा जीव गेला आहे. त्यात टीटीबरोबरच ऑगस्टमध्ये याच मार्गावर होणाऱ्या मँक्स ग्रां प्रीमधले स्वारही आले. एकट्या २०२२ सालच्या टीटीत सहा जण गेले. त्या सुमारास आयोजकांनी गाड्यांवर जीपीएस बसवले, लाल झेंड्याची सूचना विजेच्या फलकांवर आणली, वेळापत्रकात विश्रांतीचे दिवस वाढवले. तरीही मूळ गोष्ट बदललेली नाही आणि बदलणारही नाही, कारण ती गडग्यात आहे.

स्वार सांगतात की कोणी त्यांच्यावर सक्ती केलेली नाही, आणि ते खरेच आहे. जागतिक गुण नाहीत, बक्षिसाची रक्कमही मोठ्या व्यावसायिक शर्यतींच्या मानाने किरकोळ. पण पाहणाऱ्याची बाजू इतक्या सहज मिटत नाही. आपण पाहायला जातो म्हणून शर्यत होते, आणि शर्यतीवर बेटाच्या हॉटेलांचे व बोटीचे उत्पन्न उभे असते. ज्याला हे मान्य नसेल त्याने जाऊ नये, आणि ज्याला जायचे असेल त्याने रेडिओवर अचानक शांतता पसरली तर आजूबाजूचे लोक का गप्प झाले हे समजून घ्यावे. तिथे अशा वेळी कोणी मोबाइल उंचावत नाही.

स्वतः गाडी चालवणाऱ्यांसाठी धोका वेगळा आहे. बेटावर शहराबाहेरच्या अनेक रस्त्यांना सरसकट वेगमर्यादा नाही. टीटीच्या काळात डोंगराचा रस्ता रॅमझीकडून डग्लसच्या दिशेने एकेरी केला जातो, आणि पूर्वी मधल्या रविवारी शर्यती नसत तेव्हा त्या दिवशी, ज्याला ‘मॅड संडे’ म्हणतात, हजारो पाहुणे आपल्या गाड्या तिथे पळवत. डावीकडून गाडी चालवायची सवय असल्यामुळे आपल्याला युरोपातल्या पाहुण्यांपेक्षा एक गोष्ट सोपी आहे. पण जो रस्ता व्यावसायिक स्वाराला पाठ करायला तीन वर्षे लागतात, तो आपल्याला एका सकाळी येईल असे समजू नये. पुढच्या वळणाआड काय आहे हे माहीत नसेल तर वेगमर्यादा नसणे ही सवलत नसते. पोलीस बेफाम चालवणाऱ्याला सोडत नाहीत.

जाण्याची तयारी

तयारी वर्षभर आधी सुरू करावी लागते, हे अतिशयोक्तीने म्हटलेले नाही. आइल ऑफ मॅन स्टीम पॅकेट कंपनी १८३० पासून बेटाला बोटी चालवते; मोटारसायकल नेणाऱ्यांसाठी तोच एक मार्ग आहे. इंग्लंडमधल्या हेशम बंदराहून डग्लसला पावणेचार तास लागतात, लिव्हरपूलहून वेगवान बोटीने पावणेतीन. टीटीच्या आठवड्याची तिकिटे पुढच्या वर्षासाठी आधीच संपत आलेली असतात. म्हणून आधी बोट, मग मुक्काम, मग विमान या क्रमाने आरक्षण करावे. उलटा क्रम धरणारे हेशमच्या धक्क्यावरून परत येतात. हॉटेले अपुरी पडतात म्हणून स्थानिक लोक अधिकृत योजनेखाली घरातल्या खोल्या पाहुण्यांना देतात. हा मुक्काम सर्वांत चांगला, कारण यजमानच कोणत्या गल्लीतून कुठे पोहोचायचे ते सांगतो. तंबूचा पर्याय स्वस्त आहे, मात्र आयरिश समुद्राचा वारा जूनमध्येही बोचरा असतो.

भारतीय पारपत्रधारकाला व्हिसा लागतो. ब्रिटनमध्ये फिरून मग बेटावर जाणाऱ्याचा ब्रिटनचा वैध पर्यटक व्हिसा तिथेही चालतो. फक्त बेटावरच जायचे असेल तर अर्जात तसे स्पष्ट करावे. प्रवास विमा घेताना त्यात आइल ऑफ मॅनचे नाव आहे का ते पाहावे, आणि भाड्याच्या मोटारसायकलीचा विमा बेटावर लागू आहे का तेही विचारावे, कारण ‘युनायटेड किंग्डम’ एवढे लिहिलेले असेल तर त्यात बेट येत नाही. मोबाइलच्या रोमिंग योजनांचेही तेच. नाणी-नोटा मजेशीर आहेत: मँक्स पौंड ब्रिटिश पौंडाच्याच किमतीचा आहे, बेटावर दोन्ही चालतात, एक पौंडाची कागदी नोटही तिथे अजून आहे, पण मँक्स नोटा ब्रिटनमध्ये दुकानदार घेत नाहीत, म्हणून परतण्यापूर्वी त्या संपवाव्यात.

शर्यत नसलेल्या वेळेत पीलला जावे. तिथे समुद्रकाठचा जुना किल्ला आहे आणि धुरी दिलेला हेरिंग मासा मिळतो. आपल्याकडे सुके बोंबील खाणाऱ्याला त्याचा वास परका वाटणार नाही. शेपूट नसलेल्या मांजरी आणि चार शिंगांच्या मेंढ्या हे बेटाचे दोन प्रसिद्ध प्राणी. उंदीर-घूस जातीच्या मोठ्या प्राण्याचे नाव मात्र बेटावर घेत नाहीत. त्याला ‘लांबशेपट्या’ म्हणतात, आपल्याकडे रात्री सापाला ‘जनावर’ म्हणतात तसे. विमानतळाहून डग्लसला येताना एका छोट्या पुलावर गाडीतले सगळे, चालकासकट, पऱ्यांना नमस्कार घालतात. टीटीतले स्वारही शर्यतीआधी तिथे येऊन जातात.

ज्यांना जूनमधली गर्दी आणि खर्च झेपणार नाही, त्यांनी ऑगस्टच्या अखेरीस होणाऱ्या मँक्स ग्रां प्रीचा विचार करावा. मार्ग तोच, गडगे तेच, जुन्या गाड्यांच्या शर्यती अधिक, आणि जागा मिळण्याची शक्यताही अधिक. कॅसलटाउनजवळ जुलैमध्ये सदर्न १०० नावाची शर्यत होते. तिचा मार्ग छोटा असल्याने स्वार वारंवार समोरून जातात, आणि लहान मुलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबाला तीच अधिक सोयीची वाटेल.

शर्यत संपली की शेवटी मार्गावरून एक गाडी हळूहळू जाते. तिच्यावर ‘रस्ता खुला’ अशी पाटी असते. ती गेली की मार्शल दोर गुंडाळतात, गडग्यावर बसलेले लोक घड्या घातलेल्या खुर्च्या काखेत मारून उतरतात, आणि पाच-दहा मिनिटांत ब्रे हिलच्या उतारावरून नेहमीची बस खाली येते.